तासाचा हिशोब उघडा करून दाखवणारा गार्डनवाला (चाकण एमआयडीसी)

आमच्या प्लांटचं साधारण ३० हजार स्क्वेअर फूट लॉन यांच्याकडे आहे, पावसाळा धरून पूर्ण वर्ष काम बघितलंय, काम चांगलंच आहे पण मला जास्त लिहायचंय ते यांच्या कोटेशनबद्दल, कारण अ‍ॅडमिनला बसून इतकी वर्षं गार्डनची कोटेशन्स बघतोय आणि सगळी एका ओळीची असतात, "गार्डन मेंटेनन्स, महिना अमुक, जीएसटी एक्स्ट्रा" बस.

यांनी फोनवर रेट दिलाच नाही. आधी येऊन टेप लावून मोजलं, झाडं किती, कडा किती, स्प्रिंकलर कुठे ते लिहून घेतलं. मग तासाचा रेट कसा काढला ते शीटवर मांडलं. माणसाचा रोज ६०० धरला, त्यावर कंपनीचा पीएफ १३ टक्के, ईएसआय (कामगार विमा) ३.२५, बोनस ८.३३, म्हणजे झाले जवळपास ७४७. आता हे सगळे ८ ने भागतात आणि ९३ रुपये तास म्हणून मोकळे होतात, पण माणूस ८ तास मशीन चालवतो का हो? गेट पास, पेट्रोल भरणं, ब्लेड साफ करणं, जेवण, गवताच्या पिशव्या नेणं, खरं काम होतं साडेसहा तास. म्हणून ११५. त्यात मशीनचे १४० (पेट्रोल, ऑइल, धार लावणं, झीज), वर सुपरवायझर, टेम्पो, ऑफिस आणि नफा मिळून २५ टक्के, असा मोवरचा (ढकलून गवत कापायचं मशीन) रेट ३२० रुपये तास. ब्रश कटरचा (कडांचं गवत कापायचं हातातलं मशीन) २७०.

तास किती लागतील तेही सांगितलं. २१ इंची मोवर सावकाश चालत्या माणसाच्या वेगाने (तासाला ३ किमी) कागदावर तासाला १७ हजार स्क्वेअर फूट कापतो, पण पट्ट्यावर पट्टा घ्यावा लागतो, वळावं लागतं, पिशवी रिकामी करायची, त्यामुळे प्रत्यक्षात १० हजार धरा. म्हणजे ३ तास मोवर, २ तास ब्रश कटर, एका कटिंगचे १५०० अधिक जीएसटी. जुलै ते सप्टेंबर महिन्याला ४ कटिंग, थंडीत २. आमच्या फायनान्सला दर महिन्याला वेगळं बिल नको होतं तर यांनी वर्षाचे तास काढून १२ भाग केले, कमीजास्त तासांचा हिशोब वर्षाच्या शेवटी.

याच हिशोबाने मी एल-वनचं (सगळ्यात कमी रेटवाल्याचं) कोटेशन उलटं मोजून बघितलं, त्यात माणसाचा रोज आणि पीएफसुद्धा बसत नव्हता. मग तो पैसा कुठून निघणार, माणसाच्या पोटातूनच ना. आणि पीएफ भरला नाही तर नोटीस मूळ मालक (ठेकेदाराला काम देणारा) म्हणून आपल्या कंपनीला येते, हे परचेसवाल्यांना सांगून सांगून दमलो होतो, यावेळी शीट समोर ठेवल्यावर पटलं.

काम: ब्लेडला धार असते हे गवतावर कळतं. बोथट ब्लेड पात फाडतं आणि दुसऱ्या दिवशी टोकं पांढरट तपकिरी होऊन सगळं लॉन सुकल्यासारखं दिसतं, आमच्याकडे आता तसं होत नाही. एकावेळी पातीचा तिसरा हिस्साच कापतात, पावसाने उंच वाढलं तर दोन फेऱ्यांत आणतात. ओल्या गवतात मशीन घालत नाहीत, पावसामुळे थांबलेला वेळ बिलात लावत नाहीत. आत बाहेरची वेळ सिक्युरिटीच्या रजिस्टरवर, बिल त्याच्याशी जुळतं.

कमी पडतात ते लव्हाळा (चिवट तण) काढण्यात. खुरप्याने काढायचे तास खूपच कमी धरले होते, गाठी जमिनीत राहतात आणि पंधरा दिवसांत परत वर, ऑगस्टमध्ये लॉनच्या एका बाजूला नुसता लव्हाळा होता. आता त्याचे तास वेगळे लावलेत. फांद्या छाटणी यात नाही, ती वेगळी विचारा. किरकोळ कामाला बोलावलं तरी कमीत कमी ४ तासांचं बिल लागतं, छोट्या युनिटला ते जड जाईल.

रेट वाढीचं पण स्पष्ट आहे, किमान वेतनाचा विशेष भत्ता जानेवारी आणि जुलैला बदलतो तेव्हा फक्त मजुरीचा भाग बदलतो, बाकी वर्षभर तोच. यावर्षी पण यांनाच दिलंय.