एकवचन-अनेकवचनाचा भिंततक्ता: छपाई झकास, नियम अर्धे

इंग्रजी नामांचा हा लॅमिनेट केलेला तक्ता शेवटच्या बाकावरूनही वाचता येतो. नावं ठेवायची ती मजकुराला.

तक्ता अक्षरांवर बोट ठेवतो. अनेकवचनाचा बराचसा कारभार मात्र उच्चारावर चालतो. ‘शेवटी सीएच आला की ईएस लावा’ असं ठळक लाल अक्षरांत छापलंय. वॉच, चर्च यांना ते लागू पडतं. पण स्टमक आणि मोनार्क यांच्या शेवटी सीएच असूनही उच्चार ‘क’, म्हणून नुसता एस. नियम इमानेइतबारे पाळणारं मूल नेमकं इथेच चुकतं.

एसच्या उच्चाराबद्दल तर अवाक्षर नाही. कॅट्समध्ये तो ‘स’, डॉग्झमध्ये ‘झ’, बसिझमध्ये ‘इझ’. आधीचा ध्वनी अघोष, म्हणजे गळा न थरथरता निघणारा (क, ट, प) असेल तर स, घोष, म्हणजे गळा थरथरवणारा असेल (स्वरही त्यातच आले) तर झ, आणि स, झ, श, च, ज यांच्यानंतर इझ. तीन ओळींत मावलं असतं.

ओकारान्त शब्दांना सरसकट ईएस लावलाय. पोटॅटो, टोमॅटो, हीरो ठीक. पण ओच्या आधी स्वर असेल तर नुसता एस लागतो: रेडिओ, स्टुडिओ. फोटो आणि पियानोही एसवरच भागवतात. ते पाठच करावे लागतात. एफचंही तेच: नाइफ, लीफ, वुल्फ यांचं व्हीईएस होतं, रूफ, चीफ, बिलीफ यांचं नाही. वायचा चौकोन तेवढा निर्दोष आहे.

फूट-फीट, टूथ-टीथ, गूस-गीस एकाच ओळीत मांडल्यात, हे फार छान. आतला स्वर कसा बदलतो ते नजरेत भरतं. वुमनच्या जोडीला मात्र उच्चार द्यायला हवा होता: स्पेलिंग मागे बदलतं, पण उच्चार पुढेही बदलून ‘विमिन’ होतो. ऑक्टोपसचं ‘ऑक्टोपाय’ खोडाच. शब्द मुळात ग्रीक, त्याला चिकटवलेला प्रत्यय लॅटिन. सरळ ऑक्टोपसिझ म्हणावं.

सगळ्यात मोठी उणीव म्हणजे फर्निचर, लगेज, इन्फर्मेशन, ॲडव्हाइस यांना जागाच नाही. मराठी बोलणारा ‘फर्निचर्स’ हमखास लिहून जातो. यांना एस लागत नाही आणि आधी ‘अ’ही येत नाही, मोजायचंच झालं तर ‘पीस ऑफ’ घ्यावं लागतं.

तक्ता घेतलाच तर दुरुस्त्या पक्क्या शाईच्या मार्करने करा. व्हाइटबोर्डचा मार्कर लॅमिनेशनवरून सहज पुसला जातो आणि खालचं ऑक्टोपाय पुन्हा वर येतं.