हँगिंग, सिटिंग का तेलाखाली? प्रोटीनचे क्रिस्टल लावताना काय घ्यायचं

इंदूरला प्रोटीन क्रिस्टलचं काम करणाऱ्यांची एक मोठी सोय आहे, आरआरकॅट या केंद्राची इंडस-२ सिंक्रोट्रॉन, म्हणजे जोरदार एक्स-रे देणारी मोठी यंत्रणा, इथेच आहे, २.५ जीईव्ही (इलेक्ट्रॉनांची ऊर्जा) ची, आणि तिच्यावर प्रोटीनच्या क्रिस्टलवर एक्स-रे टाकून रचना बघायला वेगळी बीमलाइन (किरण बाहेर काढून वापरायची जागा) बीएल-२१. पण क्रिस्टलच भुसभुशीत असेल तर तिथे नेऊन काय करणार, खरं ठरतं ते प्लेट लावतानाच.

हँगिंग (थेंब वरच्या काचेला उलटा लटकलेला) आणि सिटिंग (थेंब छोट्या खळग्यात बसलेला), दोन्हींचं आतलं काम एकच. १ मायक्रोलिटर प्रोटीन, तेवढंच रिझर्व्हायरचं (त्याच बंद जागेत वेगळं ठेवलेलं दाट) द्रावण, थेंब सील करून ठेवायचा, त्यातलं पाणी वाफ होऊन हळूहळू रिझर्व्हायरकडे जातं, थेंबात प्रोटीन आणि सॉल्ट किंवा पीईजी (एक पॉलिमर) दोन्ही दाटत जातं आणि एका टप्प्याला न्यूक्लिएशन होतं, म्हणजे क्रिस्टलची सुरुवात होते. मग प्रोटीन क्रिस्टलात जायला लागलं की द्रावणातलं कमी होतं, नवे क्रिस्टल सुरू होणं थांबतं आणि असलेले वाढतात. हे सावकाश झालं तर थोडे पण मोठे मिळतात, घाईत झालं तर नुसत्या बारीक सुया.

फरक हाताळण्यात आहे. हँगिंगमध्ये कव्हरस्लिप (वरची पातळ काच) उलटी केली की क्रिस्टल लूपने (बारीक फासाने) उचलायला सोपा, पण प्लेटच्या प्रत्येक वेलला (खळग्याला) ग्रीस लावत बसावं लागतं, आणि डिटर्जंट किंवा एमपीडी (एक ऑरगॅनिक द्रावक) असेल तर थेंब पसरतो, म्हणून मेम्ब्रेन प्रोटीनवाल्यांनी (पेशीच्या पडद्यातली प्रोटीनं, ती डिटर्जंटमध्येच ठेवावी लागतात) सरळ सिटिंग घ्यावं. सिटिंगची ९६ वेलची प्लेट पटकन लागते, वर टेप मारला की झालं, फक्त क्रिस्टल कधीकधी तळाला चिकटतो नि काढताना तुटतो. मी तरी स्क्रीनिंग (बऱ्याच कंडिशन्स चाळून बघणं) सिटिंगमध्ये आणि नंतरचं ऑप्टिमायझेशन (जमलेली कंडिशन सुधारणं) हँगिंगमध्ये करा असंच सांगेन.

तेलाखालची पद्धत, म्हणजे मायक्रोबॅच, वेगळी. सगळं सुरुवातीलाच मिसळायचं, वर पॅराफिन तेल, पाणी जवळजवळ उडत नाही, त्यामुळे नेमक्या कुठल्या कंडिशनला क्रिस्टल आला ते कळतं. अर्धं सिलिकॉन तेल घातलं की थेंब हळूहळू दाटतोही. डायॉक्सेन, फिनॉलसारखं ऑरगॅनिक असेल तर मात्र हा नाद सोडा, ते तेलात जातं.

आणि आपल्याकडे मे महिना! दिवसा चाळिशीच्या वर, त्यात लॅबचा एसी संध्याकाळी बंद, मग कव्हरस्लिपवर बाष्प जमतं, सकाळी परत उडतं, थेंब कधी पातळ कधी दाट. तेलाने हे बाष्पाचं टळतं पण विरघळण्याचं टळत नाही, लायसोझाइम (सरावाला वापरतात ते अंड्यातलं प्रोटीन) गार झाल्यावर कमी विरघळतं, म्हणजे तापमान हललं की वाढ हललीच. २० डिग्रीचा इन्क्युबेटर मिळत असेल तर पद्धतीचा वाद नंतर करा, आधी तो मागा.

त्याच्याही आधी जेलवर एकच पट्टा दिसू दे (प्रोटीन शुद्ध आहे), डीएलएसमध्ये (प्रकाश विखुरून कणांचा आकार मोजणारी चाचणी) एकच पीक, आणि लावण्यापूर्वी प्रोटीन जोरात स्पिन करून घ्या, कारण गुठळ्या आणि धूळ राहिली की तिन्ही पद्धतींत कचराच वाढतो. फॉस्फेट बफर शक्यतो टाळा, कॅल्शियम-मॅग्नेशियमबरोबर सॉल्टचे सुंदर क्रिस्टल येतात नि माणूस उगाच खूश होतो. सुई लावून बघा, प्रोटीनचा असेल तर लगेच चुरा होतो, त्यात साधारण निम्मं पाणीच असतं, सॉल्टचा असेल तर टक्कन वाजतो.