रणगाड्याचा ड्रायव्हर कुठल्या सिनेमात दिसतो?

रणगाड्यांचा युद्धपट लागला की सगळ्यांचे डोळे तोफेकडे लागतात. माझं लक्ष जातं ते खाली, पुढच्या अंगाला बसलेल्या ड्रायव्हरकडे. डोक्यावरचं झाकण बंद झालं की पेरिस्कोपच्या फटीतून दिसेल तेवढंच त्याचं जग. कुठे वळायचं ते कमांडर कानात सांगणार, आणि गाडीतल्या सगळ्यांचा जीव याच्या हातात. सर्वात कमी दिसणाऱ्या माणसावर सगळ्यांची भिस्त! म्हणून कुणी विचारलं, की 'फ्युरी', 'लेबनॉन', 'द बीस्ट' आणि 'आइस कोल्ड इन अ‍ॅलेक्स' यांतला कुठला बघू, तर मी आधी हेच बघतो की त्या सिनेमाने ड्रायव्हरचं काय केलंय.

'फ्युरी' (२०१४) बहुतेकांनी ऐकलेला असतो. एप्रिल १९४५, जर्मनी, एक अमेरिकन शर्मन रणगाडा आणि आत पाच जण. खरी यंत्रं बघायची असतील तर डोळे मिटून हाच घ्या. यातला जर्मन टायगर हा १९४३ मध्ये ट्युनिशियात हाती लागलेला, इंग्लंडमधल्या बोव्हिंग्टनच्या रणगाडा संग्रहालयातला, अजूनही स्वतःच्या इंजिनावर चालणारा टायगर १३१ आहे. टायपिस्ट म्हणून शिकलेला नॉर्मन थेट सहचालकाच्या जागी येतो आणि त्याच्या आधी तिथे बसणाऱ्याचं रक्त त्यालाच पुसावं लागतं. ते दृश्य मनातून जात नाही. टायगरशी झुंज सुरू झाली की शर्मनला जगायचा एकच मार्ग उरतो, त्याच्या पाठीमागे जाणं, कारण तिथलं चिलखत पातळ. अशा वेळी ड्रायव्हर गोर्डोचं वळणं हेच शस्त्र होतं. तरीही ड्रायव्हरचा सिनेमा तो नाही. सगळा भार कमांडरवर, म्हणजे ब्रॅड पिटवर आहे. शिवाय लांबून सहज उडवू शकणारा टायगर आडोसा सोडून पुढे का येतो, हे मला आजही पटलेलं नाही. शेवटची चौकातली लढाई तर जवळपास दंतकथाच आहे.

'लेबनॉन' (२००९) याच्या अगदी उलट्या वाटेने जातो. दिग्दर्शक सॅम्युएल माओझ १९८२ च्या लेबनॉन युद्धात स्वतः रणगाड्यावर गनर, म्हणजे तोफ डागणारा, होता. व्हेनिस महोत्सवात सुवर्णसिंह मिळवणाऱ्या या सिनेमात सुरुवातीचं आणि शेवटचं सूर्यफुलांचं शेत सोडलं तर कॅमेरा रणगाड्याबाहेर पाय ठेवत नाही. बाहेरचं जे काही कळतं ते गनरच्या दुर्बिणीतून, मधोमध नेमाची खूण. नजर डावीकडे न्यायची तर तोफेसकट अख्खा बुरूज करकरत फिरणार, आणि तो आवाज प्रत्येक वेळी ऐकावा लागतो. पायाखाली घाण पाणी, त्यात तरंगणारी सिगारेटची थोटकं, भिंतींवरून ओघळणारं तेल. आत एक पाटी आहे: माणूस पोलाद आहे, रणगाडा फक्त लोखंड. ती वाचायची आणि मग त्या चार पोरांचे चेहरे बघायचे. गनर आधी गोळी झाडायला कचरतो आणि त्याची किंमत आपल्याच बाजूचा एक सैनिक मोजतो. पुढच्या गाडीवर तो चुकत नाही, आणि ती गाडी कोंबड्या घेऊन निघालेल्या एका म्हाताऱ्याची निघते. रणगाड्याच्या आतलं जगणं याहून जवळून दाखवणारा सिनेमा मी पाहिलेला नाही. पण यात डोळे गनरचे आहेत, ड्रायव्हरचे नाहीत. बंद जागेत जीव घाबरत असेल तर हा टाळा, हे मनापासून सांगतो. बघायचाच असेल तर हेडफोन लावून बघा, कारण यातला निम्मा सिनेमा आवाजात आहे.

ड्रायव्हरच नायक हवा असेल तर 'द बीस्ट' (१९८८). १९८१ चं अफगाणिस्तान, वाट चुकून डोंगरांच्या खिंडीत अडकलेला सोव्हिएत टी-५५ रणगाडा, आणि ड्रायव्हर कोवेर्चेन्को. सुरुवातीलाच कमांडर हुकूम देतो की समोरच्या गावकऱ्याच्या अंगावरून रणगाडा ने. तोफ डागणाऱ्याला निदान अंतराचा आडोसा असतो. इथे तेवढाही नाही, आणि सिनेमाचा पुढचा सगळा प्रवास त्या क्षणातून फुटतो. सिनेमा अमेरिकन, त्यामुळे रशियन सैनिक इंग्रजी बोलतात. पश्तून मात्र पश्तोच बोलतात, खाली उपशीर्षकं. पहिली दहा मिनिटं हे खटकतं, मग विसरायला होतं. चित्रीकरण इस्रायलमध्ये झालं आणि पडद्यावरचा रणगाडा इस्रायलने युद्धात पकडलेल्या टी-५५ पैकी आहे. गाजावाजा न झालेला हा सिनेमा जास्त लोकांनी बघावा असं फार वाटतं.

आणि 'आइस कोल्ड इन अ‍ॅलेक्स' (१९५८). यात रणगाडा नाही, 'केटी' नावाची ऑस्टिन अँब्युलन्स आहे. १९४२, लिबियातलं टोब्रुक पडायच्या बेतात, दारूत बुडत चाललेला कॅप्टन, एक सार्जंट मेजर, दोन परिचारिका आणि वाटेत गाडीत चढलेला एक अनोळखी अधिकारी. पोहोचायचं अलेक्झांड्रियाला. सुरुंगांच्या पट्ट्यातून माणूस पुढे चालतो आणि गाडी त्याच्या मागून रांगते. पण माझा जीव अडकलाय तो वाळूच्या चढावर. इंजिनाच्या जोरावर गाडी चढत नाही. मग स्पार्क प्लग काढतात, म्हणजे इंजिन हाताने फिरवायला हलकं जातं. गाडी रिव्हर्समध्ये टाकतात आणि समोरून हँडल मारत मारत तिला उलटी वर चढवतात. एक फेरा आणि गाडी जेमतेम सरकते. वरपर्यंत येते, तेवढ्यात सुटते आणि घरंगळत थेट खाली. पुन्हा पहिल्यापासून. ज्यांनी कधी बंद पडलेली गाडी ढकलली आहे त्यांना हे बघताना खांदे दुखल्यासारखे वाटतील.

दोन नावं हमखास निघतात म्हणून सांगतो. रशियन 'टी-३४' (२०१९) मध्ये गोळे हवेत मंद गतीने फिरताना दिसतात. थरार हवा असेल तर बघा, खरेपणा शोधू नका. 'पिप्पा' (२०२३) मध्ये बांगलादेश युद्धातली गरीबपूरची १९७१ ची लढाई आणि पाण्यावर तरंगणारा पीटी-७६ रणगाडा आहे. तुपाच्या रिकाम्या डब्यासारखा तरंगतो म्हणून जवानांनी त्याला ठेवलेलं नाव 'पिप्पा'. रणगाडा पाण्यात उतरतो तेव्हा छान वाटतं, पण कथा वारंवार घरच्या भांडणांकडे वळते.

घरातले सगळे मिळून बघणार असाल तर बिनधास्त 'आइस कोल्ड इन अ‍ॅलेक्स' लावा. कृष्णधवल आहे म्हणून मागे सरू नका. एकट्याने बघणार असाल तर 'द बीस्ट'. 'लेबनॉन' दुसऱ्या दिवशी सुट्टी असेल तेव्हाच, कारण तो बघून लगेच झोप लागत नाही.