पेटी चरखा: घेण्याआधी चातीचं टोक बघा

गांधीजी येरवडा तुरुंगात असताना आकाराला आलेला हा घडीचा चरखा. मिटला की लाकडी पेटी, उघडला की दोन चाकं, ती फिरवणाऱ्या दोन दोऱ्या म्हणजे माळा, आणि सुताला पीळ देऊन ते गुंडाळणारी लोखंडी सळई म्हणजे चाती. रोज अर्धा तास ठरवून स्वतःच्या हाताने काही घडवायचं असेल, तर याच्याइतकं मनाजोगं साधन क्वचितच मिळेल. शोभेसाठी मात्र घेऊ नका. पडून राहिला की माळा सैलावतात आणि चाती गंजते.

दुकानातच चाती बसवून मोठं चाक सावकाश फिरवा. टोक जागच्या जागी फिरलं पाहिजे. थरथरत असेल तर चाती वाकलेली आहे, तिच्यावर बारीक सूत टिकत नाही. टोकावरून बोटही फिरवून बघा, खरखर लागली तर बारीक पॉलिश पेपरने घासावं लागेल. पुस्तकाएवढा छोटा चरखा दिसायला गोड, पण हलका असल्याने कातताना सरकतो. आमची पसंती मोठ्या पेटीलाच.

खरी मेख पेळूत, म्हणजे कातायच्या पिंजलेल्या कापसाच्या वळीत आहे. दाबून ठेवलेला किंवा दमट झालेला पेळू गाठीगाठीने सुटतो, आणि नवखा माणूस दोष चरख्याला देतो. पेळू चिमटीत अलगद धरा. उजव्या हाताने चाक फिरवत डावा हात मागे न्या. या वेळी सूत चातीच्या टोकाशी तिरपं हवं; काटकोन झाला की पीळ बसायच्या ऐवजी ते गुंडाळायला लागतं. हात पुरता मागे गेला की दोन-तीन फेरे जास्तीचे द्या, चाक किंचित उलटं फिरवून टोकावरचे वेढे सोडवा, मग काटकोनात गुंडाळा. चिमटीजवळ सूत विरून सुटलं तर हात पिळापेक्षा पुढे धावतोय. वेटोळी पडू लागली तर पीळ जास्त झालाय.

तेल चातीच्या आधारांना, एकेक थेंबच. माळेला लागलं की ती घसरलीच! मग माळ पुसून मेण चोळायचं.

सूत किती बारीक आलं हे घरच्या वजनकाट्यावर कळतं. ४ फुटांचा एक तार, ६४० तारांची एक गुंडी. ४६० ला गुंडीच्या ग्रॅममधल्या वजनाने भागलं की सुताचा अंक मिळतो, अंक जितका मोठा तितकं सूत बारीक: २३ ग्रॅम भरली तर २० अंकी, ४६ भरली तर १० अंकी. पहिल्या महिन्यात जाडच येईल. अंकापेक्षा गुंडीभर सूत एकसारखं येतंय का, तेवढं बघा.