बँडच्या तारखा: व्हॉट्सॲप ग्रुप की गूगल कॅलेंडर?

बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या एका तबलजी मित्राने विचारलं: पाच जणांचा बँड, नवरात्र तोंडावर आलेलं, तारखा ठेवायच्या कशावर?

खर्चाचा प्रश्नच नाही, दोन्ही फुकट. शिकायच्या मेहनतीत व्हॉट्सॲप सरळ पुढे. पोलमध्ये १२ पर्याय देता येतात, आणि ढोलकीवाले काकाही बोट टेकवून मोकळे होतात.

खरी मेख वेगळीच. बडोद्यात गरब्याच्या नऊ रात्रींत चांगल्या वादकाला चहूकडून बोलावणं असतं. कीबोर्डवाला तर दोन-तीन बँडांत वाजवतो. पोलवर त्याने 'हो' म्हटलेलं असतं, पण आठवड्याने ते 'सुप्रभात'च्या फुलांखाली गाडलं जातं आणि एकाच रात्रीच्या दोन सुपाऱ्या गळ्यात पडतात. गूगल कॅलेंडरवर प्रत्येकाला आपलं कॅलेंडर फक्त 'मोकळा की व्यग्र' एवढंच दिसेल असं शेअर करता येतं. दुसरी सुपारी कुणाची, कुठे, हे झाकलेलं राहतं; वेळ तेवढी दिसते. कलाकारांत ही झाकपाक फार लागते हो! शिवाय बँडचं वेगळं कॅलेंडर काढून दर मंगळवारचा सराव एकदाच नोंदवला की पुढचे सगळे मंगळवार आपोआप लागतात. बदल करायची मुभा मात्र एका-दोघांनाच द्या.

महिन्याकाठी एखादा कार्यक्रम करणाऱ्या हौशी मंडळींना पोल पुरे. वादक वाटून घेतलेले असतील आणि मोसमात सुपाऱ्यांची रांग असेल, तर कॅलेंडरच. ग्रुप गप्पांना आणि पत्ता पाठवायला ठेवा.