पातळ पाइपला मिग वेल्डिंग: ०.६ मिमीची वायर की ०.८ ची?

मिग म्हणजे टॉर्चमधून सतत वायर सोडत, तीच वितळवून केलेलं वेल्डिंग. पाइपची भिंत १.२ ते १.६ मिमी, साधी कॉपर कोटेड वायर आणि जोडाला हवेपासून वाचवणारा गॅस आर्गन-सीओटू मिक्स. इतकं ठरलं की वाद उरतो तो वायरच्या जाडीचा. दोन्हींनी नीट जोड निघतो, हे आधीच मान्य.

१.६ मिमी भिंतीला ६० अँपच्या आसपास पुरतात. तेवढ्यासाठी ०.८ ची वायर मिनिटाला साधारण ३ मीटर सोडावी लागते, ०.६ ची सव्वापाच मीटर. व्होल्ट दोन्हीकडे १५ ते १७. नुसत्या सीओटूवर दीड-दोन जास्त. डायलवरच्या आकड्यावर विसंबू नका. त्याच पाइपच्या तुकड्यावर चालवून बघा; तळणीसारखी सलग चरचर आली की जमलं.

०.८ अंगाने कडक. टॉर्चच्या केबलला वळण असलं, वायर ढकलणाऱ्या रोलरचा दाब थोडा चुकला, तरी निभावून नेते. ०.६ नाजूक, टिपमध्ये (टॉर्चच्या तोंडाची बारीक नळी) जरा अडकली की रोलरपाशी गुंता. शिवाय पाइपभोवती हात फिरताना स्टिकआउट, म्हणजे टिपबाहेर आलेली वायर, ८ चा १२ मिमी झाला, तर अँप पडतात आणि ०.६ मध्ये ते जास्त जाणवतं. इथवर ०.८ चं पारडं जड.

पण पाइप म्हणजे पत्रा नव्हे. लहान व्यासात उष्णतेला पसरायला जागा नाही. घेराच्या पहिल्या पाव भागात छान बसलेलं सेटिंग तिसऱ्या पावात भोक पाडतं. म्हणून आधी चार टाके (जागा धरून ठेवणारे छोटे वेल्ड), मग समोरासमोरचे पाव भाग, मध्ये गार होऊ द्यायचं. म्हणजे एका जोडात आर्क आठ वेळा पेटवायचा, आणि ०.८ नेमकी तिथेच छळते. ५०-६० अँपला ती आधी धातूवर आपटते, टॉर्च मागे ढकलते, मग फटकन तुटून शिंतोडे उडवते. व्होल्ट वाढवले तर आर्क पेटतो छान, पण पुढे वितळलेल्या धातूचं डबकं आत गळतं. वायरचा वेग कमी केला तर ती जळत टिपपर्यंत येते. साध्या मशीनवर हे सेटिंगने पूर्ण सुटलेलं मी तरी पाहिलं नाही. ०.६ त्याच अँपला मुकाट पेटते.

आणि ०.६ चा गुंता टाळता येतो. रोलरची खाच ०.६ ची, टिप ०.६ ची, लायनर (केबलमधली वायरची नळी) बारीक वायरचा, केबल शक्यतो सरळ. वायरचं टोक लाकडावर टेकवून ट्रिगर दाबा. रोलर घसरला पाहिजे. घसरण्याऐवजी वायर गुंडाळली, तर दाब जास्त आहे. दर वेळी टोकावरचा गोळा तिरका कापायचा आणि आर्क टाक्यावर पेटवून पुढे न्यायचा, पाइपच्या कडेवर नाही. एवढं दोन्ही वायरींना लागू.

जोडात फट ठेवू नका. गॅल्व्हनाइज्ड पाइप असेल तर जोडाजवळचं झिंक घासून काढा आणि हवा खेळती ठेवा. तो धूर वाईट.

२ मिमीपासून पुढे मात्र ०.८ च बरी. हाताशी तीच असेल आणि पाइप पातळ असेल, तर उभा जोड वरून खाली उतरवा, टॉर्च डबक्याच्या पुढच्या कडेवर ठेवा आणि एका दमात दोन-अडीच सेंटीमीटरपेक्षा जास्त ओढू नका.