चर्चच्या तळघरातला फिल्म क्लब : डीसीतल्या मराठी लोकांनी एकदा तरी जाऊन याच

वॉशिंग्टन डीसी आणि आसपास राहणाऱ्यांसाठी लिहितेय. गेलं दीड वर्ष मी एका छोट्या फिल्म क्लबला जातेय, एका चर्चच्या खालच्या हॉलमध्ये भरतो, महिन्याच्या तिसऱ्या शनिवारी संध्याकाळी, आणि तिथे फक्त ब्लॅक दिग्दर्शकांचे सिनेमे दाखवतात. तिकीट नाही, दाराशी डबा असतो त्यात जमेल तेवढे टाकायचे. फोल्डिंगच्या खुर्च्या, चाळीसेक माणसं, त्यात साठीपुढची बरीच, बाकी इथल्या हॉवर्ड या ऐतिहासिक ब्लॅक युनिव्हर्सिटीतली पोरं. एक रिटायर्ड लायब्ररियन बाई सगळं चालवतात.

पहिल्या वेळी शेजारीण घेऊन गेली होती. त्या दिवशी ऑस्कर मिशोचा 'विदिन अवर गेट्स' होता, १९२० चा मूकपट. या माणसाचं नावसुद्धा मी ऐकलं नव्हतं. साउथ डकोटात शेती केली, कादंबऱ्या लिहून स्वतः दारोदार विकल्या आणि मग सिनेमे काढायला लागला. १९१५ मध्ये 'द बर्थ ऑफ अ नेशन' आला होता ज्यात कू क्लक्स क्लॅनलाच, म्हणजे ब्लॅक लोकांवर हल्ले करणाऱ्या गोऱ्यांच्या संघटनेलाच, हिरो केलेलं, आणि पाच वर्षांनी मिशोने दाखवलं की खरा अत्याचार कोण कोणावर करत होतं. गोष्ट एका शिक्षिकेची, ब्लॅक मुलांची शाळा बंद पडू नये म्हणून ती पैसे जमवायला निघते. पियानोवर चर्चचाच वादक होता, आणि लिंचिंगचा प्रसंग आला तेव्हा त्याने वाजवणं थांबवलं, हात मांडीवर ठेवून बसून राहिला. ती शांतता मी अजून विसरलेले नाही.

नंतर बाईंनी सांगितलं की हा सिनेमा कित्येक वर्षं हरवलेलाच होता, १९७० च्या दशकात स्पेनमध्ये एक प्रिंट मिळाली, 'ला नेग्रा' नावाने, मधल्या पाट्या सगळ्या स्पॅनिशमध्ये, मग त्या परत इंग्रजीत आणून लायब्ररी ऑफ काँग्रेसने १९९३ मध्ये तो पुन्हा उभा केला. आफ्रिकन अमेरिकन दिग्दर्शकाचा आज शिल्लक असलेला हा सगळ्यात जुना पूर्ण लांबीचा सिनेमा.

पण मला मनापासून सांगायचंय ते 'किलर ऑफ शीप' बद्दल. चार्ल्स बर्नेटने यूसीएलए या लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात शिकत असताना १९७७ मध्ये थीसिस म्हणून दिलेला, तिथल्याच वॉट्स या ब्लॅक वस्तीत शनिवार-रविवार शूट केलेला, दहा हजार डॉलरच्या आत. कत्तलखान्यात काम करणारा एक माणूस, त्याची बायको, पोरं, बस. तो आणि मित्र मिळून एक जुनं इंजिन विकत घेतात, जीव तोडून जिन्याने खाली आणतात, ट्रकच्या मागे अगदी कडेला ठेवतात आणि गाडी सुरू होते तेव्हा ते मागे पडून फुटतं. तिथे अख्खा हॉल ओरडला, "अरे आत सरकव ना ते!" इथे लोक पडद्याशी बोलतात, हे आधीच सांगून ठेवते, पिन ड्रॉप सायलेन्स हवा असेल तर ही जागा नाही. मला ते फार आवडतं, गावात तंबूत सिनेमा बघायचो तेव्हा असंच असायचं. नंतर नवरा-बायको डिना वॉशिंग्टनच्या गाण्यावर हळूहळू नाचतात आणि तो मध्येच बाजूला होतो, तेव्हा मात्र कोणी काही बोललं नाही.

त्यातल्या गाण्यांचे हक्क घेतलेले नव्हते म्हणून तो सिनेमा तीस वर्षं नीट रिलीजच झाला नाही, २००७ मध्ये झाला. तोवर तो म्युझियम, कॉलेज, फेस्टिवल अशा ठिकाणीच बघायला मिळायचा. आणि इथे डीसीत दिग्दर्शक हाइले गेरिमांच्या 'संकोफा' या सिनेमाला १९९३ मध्ये कोणी वितरक मिळेना तर त्यांनी स्वतः थिएटर भाड्याने घेऊन तो दाखवला. त्यांचं त्याच नावाचं पुस्तकांचं दुकान आणि कॅफे जॉर्जिया अव्हेन्यूवर हॉवर्डसमोर आहे, क्लबच्या आधी वेळ असेल तर तिथे डोकावा. तर हे सिनेमे लोकांनी जमून, खुर्च्या मांडून जगवलेत, म्हणून ते असेच बघावेत असं मला वाटतं. 'किलर ऑफ शीप' मी घरी लॅपटॉपवर परत लावला, वीस मिनिटांत फोन हातात आला.

सिनेमानंतर तासभर माइक फिरतो आणि खरं सांगायचं तर मी त्यासाठीच जाते. एक आजोबा वॉट्समध्येच वाढलेले, ते त्या गल्ल्यांबद्दल बोलत राहिले आणि कोणीही त्यांना घड्याळ दाखवलं नाही.

आता खटकणाऱ्या गोष्टी. साउंड वाईट आहे, एक स्पीकर सारखा गुरगुरतो, ज्युली डॅशच्या 'डॉटर्स ऑफ द डस्ट'ला (१९९१ चा, दिसायला इतका सुंदर सिनेमा मी कमी पाहिलाय) गल्ला (Gullah) या तिथल्या किनाऱ्यावरच्या ब्लॅक लोकांच्या बोलीतले संवाद मला निम्मे कळलेच नाहीत. कॅप्शन लावा म्हणून मी दोनदा सांगितलं, अजून नाही. आणि लिफ्ट नाही, चौदा पायऱ्या. ज्यांच्या आयुष्यावर हे सिनेमे आहेत त्याच वयाच्या बायकांना दोन माणसं धरून खाली आणावं लागतं, याचं काहीतरी करायलाच पाहिजे, मी दर वेळी बोलते आणि बोलत राहणार.

खायला कोणीतरी स्वीट पोटॅटो पाय (रताळ्याचं सारण भरलेला गोड पदार्थ) करून आणतं, चुकवू नका. पुढच्या महिन्यात कॅथलीन कॉलिन्सचा 'लूझिंग ग्राउंड' आहे, १९८२ चा, तिच्या हयातीत थिएटरला लागलाच नाही, ती १९८८ मध्ये गेली आणि तो रिलीज झाला २०१५ मध्ये. साडेपाचला पोचा, पुढच्या खुर्च्या लवकर भरतात.

अजून एक. मागच्या चर्चेत मी सांगितलं की १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर निघाली ती इथल्या ब्लॅक पँथर या ब्लॅक हक्कांसाठी लढणाऱ्या संघटनेवरून नाव घेऊन. बऱ्याच जणांना माहीत नव्हतं, पुष्कळ प्रश्न आले, आणि बाईंनी विचारलं की तुमच्याकडचा एक सिनेमा पाहुणा म्हणून लावायचा तर कुठला? मी 'फँड्री' म्हटलं. जब्याने शेवटी भिरकावलेला तो दगड मला या लोकांमध्ये बसून बघायचाय. तर इंग्रजी सबटायटल असलेल्या कॉपीसाठी आणि अशा शोच्या परवानगीसाठी नक्की कोणाशी बोलायचं, माहीत असेल त्यांनी प्लीज कळवा, फेब्रुवारीची तारीख त्यांनी मोकळी ठेवलीय.